मधला थांबा

भुईमुगाचं झाड उपटलं की मुळांना मोहरीएवढ्या गाठी चिकटलेल्या दिसतात. कुणाला त्यांचं काही पडलेलं नसतं. माती झटकायची, शेंगा तोडायच्या, पाला जनावरांपुढं टाकायचा. सितारामनं मात्र कॉलेजच्या पहिल्याच वर्षी त्यातली एक गाठ नखानं फोडली आणि आत लाल निघालं. नुसता रंग असता तर तो विसरूनही गेला असता. पण पुस्तकात पाहिलं तर ते रक्ताचंच भावंड. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं जे प्रथिन, त्याच घराण्यातलं एक त्या गाठीत मुक्कामाला असतं. तेव्हापासून आपलं पोरगं बिघडलं, असं त्याची माय चांगुणाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. रस्त्यानं चालता चालता लोकांच्या रानात वाकतो, झाडं उपटतो, एक दिवस मार खाईल.

मार काही त्यानं खाल्ला नाही, पण वेड वाढत गेलं. ब्याऐंशी साली परभणीच्या शेतकी कॉलेजात तो एम.एस्सी. करत होता तेव्हा वाचनालयात एक परदेशी अंक आला, नेहमीप्रमाणे शिळा होऊन. त्यात सोयाबीनच्या गाठीतल्या त्याच लाल प्रथिनाचा जीन कुणीतरी अक्षर अक्षर लावून वाचला होता. सितारामनं तो लेख उभ्या उभ्याच वाचला. मग बसून वाचला. वाचनालयाच्या शिपायानं दिवे घालवले तरी हा उठेना.

लेखातली गोष्ट होतीच तशी. जीन म्हणजे प्रथिन कसं बांधायचं याचा मजकूर. तो सलग असणार, असं सगळे धरून चालले होते, कारण जिवाणूंमध्ये तो सलगच सापडला होता. पण झाडं, जनावरं, माणसं यांचा मजकूर तुकड्यातुकड्यांत निघाला. थोडा कामाचा, मग भलंमोठं बिनअर्थाचं, मग पुन्हा कामाचा. पेशी सगळ्याची नक्कल करते आणि मधलं मधलं कापून फेकून कामाचं तेवढं जोडून घेते. त्या मधल्याला इंट्रॉन असं नाव पडलं होतं. माणसाच्या रक्तातला जीन दोन ठिकाणी तुटलेला. सोयाबीनचा तीन ठिकाणी. आणि त्या तिनातले दोन थेट माणसाच्याच जागी. आतला मजकूर एकाचा दुसऱ्याशी काडीचाही जुळत नाही, पण तुटायची जागा तीच. झाडाची आणि माणसाची वाट वेगळी झाली त्याला शंभर कोटी वर्षं होऊन गेली असं म्हणतात. एवढ्या काळात आतलं सगळं बदललं आणि जागा हलली नाही.

मग सोयाबीनमधला तिसरा, मधला, तो कुठून आला? दोघांच्या मूळ पूर्वजातच तिन्ही होते आणि माणसाकडे येता येता मधला गळाला? की मूळचे दोनच, आणि मधला झाडाच्या वाटेवर नंतर कुठूनतरी घुसला? मोठमोठी माणसं यावर हमरीतुमरीवर आली होती. सितारामला रात्रंदिवस दुसरं काही सुचेना.

दिल्लीला या विषयाचं काम सुरू होत होतं आणि कॉलेजातून एकाच विद्यार्थ्याला तिथं पाठवणार होते. त्यासाठी मार्गदर्शकाची शिफारस हवी होती. आणि सितारामचे मार्गदर्शक होते व्यंकटराव सर.

व्यंकटराव हा ज्वारीतला माणूस. सोनपेठच्या पुढं गोदाकाठी त्यांची वडिलोपार्जित जमीन. कणसावरून नुसता हात फिरवून ते वाण सांगत. जे रानात डोळ्याला दिसत नाही त्यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि तो नाही हे ते लपवतही नसत. माणूस दुष्ट नव्हता. सितारामच्या वस्तीतली घरं नामांतराच्या दंगलीत गेली, माय परभणीत भाड्याच्या खोलीत आली, तेव्हा त्याची फी त्यांनी न बोलता भरली होती. पण त्या विषयावर ते कधी चकार शब्द बोलले नाहीत आणि सितारामनंही काढला नाही. दोघांमध्ये ज्वारी, खत, पाऊस एवढंच बोलणं चाले.

त्यांनी साफ सांगितलं, आधी सगळ्यांसमोर सेमिनार दे. पटलं तर शिफारस, नाही तर गप ज्वारीवर काम कर.

सेमिनारच्या दिवशी सितारामनं फळा भरून टाकला. अर्धे लोक पेंगत होते. व्यंकटराव डोळे मिटून ऐकत होते आणि मध्येच म्हणाले की निसर्ग इतका अडाणी नाही. कामाचं लिहायचं आणि मध्ये कचरा भरायचा, असं कोण करेल? कुठून तरी घुसलेलं बांडगूळ असेल ते. त्यातून जुना इतिहास काढायला निघणं म्हणजे उकिरड्यातून वंशावळ काढणं. लोक हसले. पेंगणारे जागे झाले ते हसण्यासाठीच.

सितारामनं तयार केलेलं सगळं डोक्यातून उडालं, आणि तोंडात आली ती मायची गोष्ट.

तो म्हणाला, माझी माय एक गोष्ट सांगते. एका म्हातारीला ज्वारीचा एकच दाणा सापडतो, तो ती बैलाच्या खुराच्या खड्ड्यात पेरते, चिमणी तो खाते, म्हातारी चिमणीच्या मागं लागते. गोष्ट साधी आहे, पण माय ती तीन ठिकाणी तोडते. गोष्टीला रंग चढलाय म्हणून नाही; वाक्याच्या मधोमध. ‘म्हातारीनं दाना घेतला आन् बैलाच्या खुराच्या’ एवढं म्हणून ती थांबते. मग रेशनच्या दुकानदाराला शिव्या देते, नाही तर चुलीतलं लाकूड मागं ओढते, नाही तर बहिणीची वेणी घालते. रोज वेगळं. आणि मग एकदम ‘खड्ड्यात पेरला’ म्हणून पुढं जाते. लहानपणी आम्ही मधलं सगळं गाळून गोष्ट जोडून घ्यायचो. आता माझी बहीण तिच्या पोरांना तीच गोष्ट सांगते. मध्ये ती तिच्या सासूची गाऱ्हाणी सांगते. पण थांबते त्याच तीन जागी, आणि तिला विचारलं तर तिला ते ठाऊकही नाही.

कुणी हसलं नाही. व्यंकटरावांनी डोळे उघडले होते. ते खुर्ची सरकवून उठले. आजचं पुरे, दुपारी खोलीत ये, एवढंच म्हणाले. सितारामला वाटलं, संपलं. दिल्ली गेली हातची. मायची गोष्ट विद्वानांच्या सभेत आणायचा गाढवपणा आपणच केला, असं स्वतःला बोल लावत त्यानं दुपार काढली.

खोलीत गेल्यावर व्यंकटरावांनी दार लोटलं आणि ती गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावली. पन्नाशीचा माणूस, समोर ज्वारीच्या कणसांचा ढीग, आणि म्हातारीची गोष्ट ऐकतोय. सिताराम सांगत गेला. चिमणी झाडावर बसते, म्हातारी झाडाला म्हणते हिला हुसकून दे, झाड नाही म्हणतं. मग ती सुताराकडं जाते, सुतार नाही म्हणतो, मग राजाकडं. राजाचं वाक्य आलं आणि सिताराम मायसारखा अर्ध्यावर थांबला. ‘म्हातारे, तुझ्या दान्याचं मोल’ इथं.

“माझ्या खजिन्यात न्हाई,” व्यंकटराव म्हणाले.

सिताराम त्यांच्याकडं बघतच राहिला. त्यांची आई ही गोष्ट सांगायची. लहानपणी, मांडीवर घेऊन, जात्याशी बसून. आणि तीही ‘खुराच्या’ म्हणून थांबायची, ‘मोल’ म्हणून थांबायची. त्या थांब्यात ती कधी ओवी म्हणायची, कधी नुसतीच गप्प बसायची. सेमिनारमध्ये सितारामनं पहिला थांबा सांगितला तेव्हा आपल्या अंगावर काटा आला, हेही त्यांनी सरळ कबूल केलं.

पण व्यंकटराव ते व्यंकटरावच. लगेच उलटे वळले. गोष्ट काय, गावोगाव फिरते. थांबे योगायोगानं जुळले असतील. सिताराम म्हणाला, वाक्य संपल्यावर थांबे असते तर मी मानलं असतं. तिथं कुणीही थांबेल. ‘खुराच्या’ म्हणून कोण थांबतं? जीनमध्येही हेच आहे सर, तीन अक्षरांच्या एका शब्दाची दोन अक्षरं अलीकडं आणि एक पलीकडं, अशा अडनिड्या जागी तो तुटतो, आणि दोन्हीकडं तसाच तुटतो. योगायोगानं एवढी अडनिडी जागा दोनदा कशी सापडेल?

व्यंकटरावांच्या ध्यानात तोवर आणखी एक आलं होतं. सिताराम झाडाच्या वाक्यातही थांबला होता. ‘माझ्या सावलीत आलेल्याला मी’ म्हणून थांबला, आणि मग ‘परत धाडत न्हाई’ म्हणाला. ते वाक्य त्यांच्या आईकडं सलग होतं. सोयाबीनकडं तीन आणि माणसाकडं दोन. दोघांनाही हे एकदमच कळलं आणि दोघंही हसले. पाच वर्षांत पहिल्यांदा एका गोष्टीला मिळून हसले असतील.

“तुझ्या मायनं मधला थांबा नंतर घुसवला असणार,” व्यंकटराव म्हणाले.

“किंवा तुमच्याकडं तो गळाला असेल सर. तुमच्या आईंनाच विचारू या.”

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. कॉलेजात दोघं एका किटलीतला चहा पीत. गाव म्हणजे कॉलेज नव्हे, हे त्याला कळत होतं आणि सरांनाही कळत होतं. व्यंकटराव खिडकीबाहेर बघत म्हणाले की आई जुन्या वळणाची आहे. मग म्हणाले, आखाड्यावर जाऊ. ती उन्हाळाभर तिथंच असते. आणि ऐक, मोकळ्या जागेतून इतिहास निघतो हे मला तिथं दाखवलंस, तर शिफारस त्याच दिवशी.

मे महिन्याच्या एका रविवारी दोघं एस.टी.नं सोनपेठला उतरले आणि तिथून रानच्या वाटेनं आखाड्यावर गेले. आखाडा म्हणजे विहिरीशेजारी जनावरांचा गोठा, त्याला लागून दोन खोल्या, पुढं कडुलिंबाचं झाड. कडूबाई लिंबाखाली पोत्यावर बसून पेरणीच्या भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. सत्तरीच्या आसपासची बाई, अंगानं काटकुळी, नजर मात्र लख्ख. मुलानं सोबत कुणाला आणलंय हे त्यांनी एका नजरेत बघितलं आणि हातानंच बसायची खूण केली. सिताराम जरा लांब बसला आणि शेंगा फोडू लागला. हात रिकामे ठेवून बसायची त्याची छाती नव्हती.

व्यंकटरावांनी गोष्टीचं काढलं. कडूबाई हसल्या. येवढ्या उन्हात म्हातारीची गोष्ट ऐकायला आलास का, म्हणाल्या. कुणाकडून ऐकली, या प्रश्नाला मात्र त्यांनी शेंगेतून मान वर केली नाही. अशीच ऐकलेली, बायकाबायकांत. कुणाची म्हणून सांगू?

मग सितारामनं धीर करून थांब्यांचं विचारलं. थांबायच्या जागा त्यांनाही माहीत नव्हत्या. त्यानं दाखवल्या तेव्हा त्या क्षणभर थांबल्या, ओठांतल्या ओठांत वाक्य म्हणून बघितलं आणि मान डोलावली. तिथं थांबायचंच, म्हणाल्या. जातं रिकामं घरघरायला लागलं की मूठ टाकाय लागते. जातं काय वाक्य सरायची वाट बघतंय का?

सितारामला टाळी वाजवावीशी वाटली. वाक्याच्या मधोमध तुटण्याचं कारण इतकं साधं होतं! मूठभर ज्वारी दळायला जेवढा वेळ लागतो तेवढीच गोष्ट, मग मूठ, मग पुढची गोष्ट. त्याच्या मायनं जन्मात जातं ओढलं नव्हतं. तिच्या काळी गिरणी आली. जातं गेलं, मूठ गेली, थांबा तेवढा राहिला, आणि त्या मोकळ्या जागेत रेशनवाला येऊन बसला. त्यानं व्यंकटरावांकडं बघितलं. तेही भान हरपून ऐकत होते.

“माझी माय मध्ये अजून एकदा थांबती, आजी,” तो म्हणाला. “झाड बोलतं तिथं. ‘माझ्या सावलीत आलेल्याला मी’ म्हनती आन् थांबती.”

कडूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. लिंबाची पानं सळसळत होती, गोठ्यात एक वासरू दावं ओढत होतं. त्या त्याच्याकडं बघत राहिल्या; आल्यापासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा नीट बघत होत्या.

“तुझ्या मायच्या मायचं नाव काय रं?”

“सरजाबाई. मी पाहिली न्हाई तिला. वालूरला वारली, मी व्हायच्या आधी.”

कडूबाईंनी पदर तोंडाला लावला. व्यंकटराव उठू लागले तर त्यांनी हातानंच बसवलं. मग त्या जे बोलल्या ते मुलाकडं न बघता, सितारामकडं बघून बोलल्या.

त्यांचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हा पलेग आला. उंदरं पडायला लागली तसं गाव उठून रानात आलं. ज्याच्या त्याच्या आखाड्यावर कोपी घालून राहिले लोक. सासू आठवड्यात गेली. घरचं जातं गावातल्या घरात जमिनीत पुरलेलं, ते काही आणता आलं नाही. आखाड्यावर एकच जातं होतं, वर्षाच्या बोलीनं राबणाऱ्या सालदाराच्या बायकोचं. ती सरजा. कडूबाईंहून थोडी मोठी.

“मानसं मरायलेत, कोन बघतंय कोनाचं पीठ,” कडूबाई म्हणाल्या. “मी जायचे तिच्या कोपीत. एका खुंट्याला दोघींचे हात. मला लय रडू यायचं. तवा तिनं ही गोष्ट धरली. मी रडू नाई म्हनून. मूठ टाकायला थांबायची, पुन्ना धरायची.”

“आणि मधला?” सितारामनं विचारलं.

“तितं आमी पानी प्यायचो. दमून जायचो ना. माझा तांब्या असायचा. आधी ती प्यायची, मंग मी. वरून न्हाई. तोंड लावून.”

व्यंकटराव खाली बघत होते. कडूबाई सांगत गेल्या. पलेग सरला, गाव गावात गेलं. पुढच्याच वर्षी सरजाच्या नवऱ्याचं साल तुटलं आणि ती माणसं वरच्या अंगाला निघून गेली. जाताना सरजा वेशीपर्यंत आली होती, आत आली नाही, आणि कडूबाईंना बाहेर जाऊ दिलं नाही. मग लेकरं झाली. जात्यावर बसलं की गोष्ट यायचीच. पण झाडाच्या वाक्याशी आलं की घशाला कोरड पडायची, थांबावंसं वाटायचं. आत्यासासू समोर बसलेली असायची. काय म्हणून थांबू, आणि थांबले तर काय सांगू?

“म्हनून मी ती जागा शिवून टाकली,” त्या म्हणाल्या. “येकदा शिवली ती शिवलीच.”

सितारामला शंभर कोटी वर्षं आठवत नव्हती आणि दिल्लीही आठवत नव्हती. न पाहिलेल्या आजीचे हात त्याला जात्याच्या खुंट्यावर दिसत होते. मधला थांबा मूळचाच होता. दुसऱ्या घरात तो गळाला नव्हता, गाळला होता.

“आई, हे तू मला कधी सांगितलं नाहीस,” व्यंकटराव म्हणाले.

“तू पुढं काय झालं तेवढंच इचारायचास. थांबले कामून, ते कोनी इचारलंच न्हाई.”

व्यंकटरावांनी चष्मा काढून धोतराला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग सितारामला म्हणाले, शिफारस आज रात्रीच लिहून देतो. आणि सेमिनार पुन्हा ठेव. उकिरडा म्हणालो होतो मी, ते सगळ्यांसमोर मलाच मागं घ्यायचंय. दिल्लीला हे सांगशील तेव्हा माझं नाव घालून सांग, दोन थांबे कुणाच्या घरात होते ते. असा माणूस असं बोलायला लागला की कुठं बघावं ते कळत नाही, म्हणून सिताराम शेंगांकडं बघत राहिला.

कडूबाईंनी मांडीवरची टरफलं झटकली आणि सितारामला जवळ सरकून बसायला सांगितलं. तुझी माय सांगती तशी सांग, म्हणाल्या. पहिल्यापासून.

त्यानं सुरुवात केली. दाणा, खूर, खड्डा, चिमणी. ‘खुराच्या’ला तो थांबला तेव्हा म्हातारीची मूठ आपोआप मिटून उघडली. चिमणी झाडावर बसली. म्हातारी झाडाला म्हणाली, हिला हुसकून दे. झाड म्हणालं, माझ्या सावलीत आलेल्याला मी

तो थांबला. कडूबाईंनी शेजारचा तांब्या उचलला, दोन घोट घेतले आणि त्याच्यापुढं धरला. सवयीनं त्यानं तो तोंडावर उंच धरला, तर त्यांनी त्याचं मनगट धरून खाली आणलं. त्यानं तोंड लावलं. पाणी लिंबाखालच्या डेऱ्यातलं, गार होतं. तो सावकाश प्यायला, आणि ज्या माणसानं ते वाक्य जन्मभर सलग ऐकलं होतं तो समोर बसून ते पुरं व्हायची वाट बघत राहिला.